नेढं असलेलं हत्यार

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की बोलू नका, लिहा. रक्तदाब फार वाढलाय. मी म्हटलं, माझ्या रागाचं लिहायला बसले तर गॅरेज कोण चालवणार? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि गोळी वाढवली. म्हणून हे लिहिणं.

आजचा पहिला राग. सकाळी एकजण गाडी घेऊन आला. मी दारातच उभी, कोपरापर्यंत ग्रीस, खिशात पाना. मला विचारतो, मालक कुठे आहेत? मी म्हटलं, मीच. तो हसला आणि म्हणाला, चालेल, थांबतो. थांबला की खरंच. बाकावर पाय हलवत मालकाची वाट बघत बसला. मीही बसू दिला. शेवटी चहा पिऊन गाडीसकट गेला.

गॅरेज अप्पांनी काढलं, हे कबूल. अप्पा म्हणजे माझे वडील. पण त्यांचे गुडघे गेल्याला कित्येक वर्षं झाली. तेव्हापासून ते वरच्या मजल्यावर, आमच्या घरात, खिडकीशी खुर्ची टाकून बसतात आणि तिथून खाली हुकूम सोडतात. काम आम्ही करतो. आम्ही म्हणजे मी, मेकॅनिक नट्या आणि रंगकाम करणारे पेंटरमामा. नट्या अंगाने नटबोल्टातल्या नटासारखा गिड्डा आहे म्हणून नट्या. पेंटरमामा कोणाचेच मामा नाहीत, पण अप्पांच्या पहिल्या दिवसापासून इथे आहेत.

दुसरा राग पत्र्याच्या कपाटाचा. ते आवरा म्हणून मी महिनाभर घसा कोरडा केला, शेवटी स्वतःच आवरलं. सगळ्यात खालच्या फळीमागे फडक्यात गुंडाळलेलं एक हत्यार निघालं. पेचकसासारखी लाकडी मूठ. पुढे वीतभर पोलादी दांडी. तिच्या टोकाला जाड तारेचं कडं, पतंगाच्या आकाराचं, सुईला नेढं असतं तसं, फक्त बोट जाईल एवढं मोठं. आणि कड्याच्या मागे दांडीवर एक एवढंसं चाक, वाटाण्यापेक्षा जरासं मोठं, अजून गरगर फिरणारं. गंजाचा टिपूस नाही.

जन्म या गॅरेजात गेला माझा. असलं काही मी पाहिलेलं नाही. याचाही मला राग आलाय.


४ फेब्रुवारी, मंगळवार

नट्या म्हणाला, इंजिनात काही पडलं तर बाहेर काढायचा आकडा असेल. मी म्हटलं, मग चाक कशाला? म्हणाला, शोभेला. शेजारचा स्पेअरपार्टवाला म्हणाला, जुन्या गाड्यांच्या दारातली स्प्रिंग ओढायचं असेल. त्याने मूठ पकडून दाखवली, तर त्याची चार बोटं मुठीवर मावेनात. नट्याचीही मावली नाहीत. मूठ मुद्दाम तासून बारीक केलेली आहे, कानशीच्या खुणा दिसतात. माझ्या हातात मात्र ती अशी बसते की जणू माप घेऊन केली. म्हणजे कोणीतरी मूठ बिघडवून ठेवली, दुसरं काय.

पेंटरमामांनी तर हातातही घेतलं नाही. हाताला रंग आहे म्हणाले. हात कोरडे ठणठणीत होते. या माणसाला कामाबाहेरचं काही विचारलं की अंगावर येतं.

वर जाऊन अप्पांना दाखवलं. त्यांनी एक क्षण पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. "काही नाही ते. भंगारात टाक."

मी म्हटलं, पण आहे काय?

"मला माहीत नाही."

अप्पांना माहीत नाही? गाडी कोपऱ्यावर वळली की आवाजावरून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगणारा माणूस हा. आत्याला स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, अप्पांची आठवण जायला लागलीय. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, मला तिनेच वाढवलं. ती भांडं घासतच राहिली. म्हणाली, वय झालं आता, कशाला छळतेस त्यांना.

कोणालाच कशाची पडलेली नाही. उद्या अप्पा माझं नाव विसरतील तेव्हा सगळे रडत बसतील.


६ फेब्रुवारी, गुरुवार

आज वाढदिवस. कोणी लक्षात ठेवू नये असं वाटतं आणि कोणी ठेवला नाही की चीड येते.

एकीने ठेवला. दरवर्षी ठेवते. सकाळी तिचा फोन आला, मी कापला. मी आठ वर्षांची असताना जी बाई मला टाकून गेली, तिने माझ्या वाढदिवसाची आठवण ठेवायची, म्हणजे कमाल आहे. मला तिचं घरातलं बसणं तेवढं आठवतं. खिडकीशी बसायची, हात मांडीवर टाकून, सदा कपाळाला आठ्या. काही काम नाही, धाम नाही. मग एक दिवस नाहीच. अप्पांनी सांगितलं, गेली, तुला विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर मीही तिला काही विचारलेलं नाही.

दुपारी एक जुनी गाडी आली. दोन दारांची, मलईच्या रंगाची, डोळ्यांत भरेल अशी. मालक पियानो दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ. बोलणं हळू, बोटं लांब. गाडी त्यांच्या वडिलांची. दगड उडून समोरची काच फुटली आणि तशीच काच शोधण्यात त्यांचं वर्ष गेलं. एकच मिळाली, कांबळ्यात गुंडाळून आणली होती. जगात दुसरी नसेल, म्हणाले. आजकाल काच चिकटवतात. या गाडीची काच जाड रबराच्या चौकटीत बसते.

ते म्हणाले, "मागेही वडिलांनी काच इथेच बसवून घेतली होती. तुमच्याकडे एक बाई होत्या ना? वडील म्हणायचे, काच बसवावी तर त्यांनीच."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, इथे कधीच कोणी बाई नव्हती. या गॅरेजात पाना धरणारी पहिली बाई मी, आणि ती जागा मी भांडून घेतलीय. ते गोंधळले. दुसरं गॅरेज असेल मग, म्हणाले. पेंटरमामांना तेवढ्यात ठसका लागला आणि ते बाहेर निघून गेले.

नट्या माझ्या कानाशी लागला की हे काम घेऊ नका, हे आपल्याला जमायचं नाही, अप्पा खाली असते तर गोष्ट वेगळी. तो एवढं बोलला नसता तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. मी काम घेतलं.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

काच बसली. चौकटीच्या खाचेत दोरी घालून, आतून एकाने दोरी ओढायची आणि बाहेरून दुसऱ्याने काच दाबायची. नट्याने जीव मुठीत धरून दाबली. बसली. टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी होत्या.

पण तेवढ्याने भागत नाही. रबराच्या चौकटीत बाहेरच्या अंगाला चहूकडून एक बारीक चर आहे. त्या चरात रबराची एक कडक पट्टी ठासून भरायची असते. ती भरली की चौकट फुगते आणि काचेला घट्ट धरते. पट्टी नसेल तर काच नुसती टेकलेली.

ती पट्टी जाईना. चराचे ओठ मिटलेले, पट्टी चरापेक्षा रुंद. पेचकसाने ओठ उघडावा तर पट्टी निसटते, पट्टी दाबावी तर ओठ मिटतो. साबणाचं पाणी लावलं, बोटं सोलली, आणि संध्याकाळपर्यंत हातभर पट्टीही गेली नाही. वर पेचकस घसरून नव्या रबराला चीर पडली. बारीकच आहे, पण मला ती दिसते.

अप्पा कधी नव्हे ते जिना उतरून आले. काठी टेकत गाडीभोवती फिरले, डावीकडून कर, उजवीकडून कर, असं धर, तसं धर. मी म्हटलं, तुम्ही करून दाखवा. त्यांनी पेचकस घेतला, दोनदा खुपसला आणि माझ्याच अंगावर ओरडले की पट्टी लागतच नाही, ती शोभेची असते, तशीच दे गाडी.

मी पट्टी न लावता काचेवर तळहात ठेवून दाबलं. काच हलली. रस्त्यावर ती त्या भल्या माणसाच्या मांडीवर येऊन पडली असती.

"अप्पा, तुम्ही आयुष्यात एक तरी काच बसवलीय का?"

ते काठी टेकत वर गेले. आता मला खात्रीच पटली. आठवण चाललीय यांची. येत होतं ते सगळं पुसलं गेलंय आणि कबूल करायला लाज वाटतेय.


१० फेब्रुवारी, सोमवार

अप्पांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ताकदीची साधी तपासणी आहे असं खोटं सांगून. त्यांनी अप्पांना वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. अप्पांनी सगळं तोफेसारखं सांगितलं. वर डॉक्टरीणबाईंच्या टेबलाचा पाय हलतोय तो कुठल्या स्क्रूने बसेल तेही सांगितलं. बाई मला म्हणाल्या, यांची आठवण तुमच्यापेक्षा चांगली आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. रिक्षात बसल्यावर अप्पांनी ओळखलं की कशासाठी नेलं होतं. मला वेडं ठरवतेस, म्हणाले. त्यावर आमचं जे जुंपलं, ते रिक्षावाल्याला घरी सांगायला पुरेल.

पण मग एक हत्यार तेवढं कसं विसरायला होतं? हे मी त्यांना विचारलं. ते रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागले. रिक्षावाला मात्र आरशातून बघत होता.


१२ फेब्रुवारी, बुधवार

कळलं.

मी पट्टीचा उरलेला तुकडा हातात घेऊन बाकावर बसले होते आणि मनातल्या मनात नट्याला, अप्पांना, पियानोवाल्यांना, रबर बनवणाऱ्यांना शिव्या घालत होते. समोर ते हत्यार पडलेलं, भंगारात टाकायचं राहिलेलं. पट्टीचं टोक वरून गोलसर, खालून निमुळतं. ते पाहिलं आणि मग तारेचं कडं पाहिलं. पट्टी कड्यात घातली. गेली. सुईत दोरा ओवावा तशी गेली.

मी एवढ्याने ओरडले की नट्या गाडीखालून डोकं आपटून बाहेर आला.

कडं चरात घुसवायचं. ते ओठ दोन्हीकडे फाकवतं. पट्टी कड्यातून चरात उतरते आणि मागचं चाक तिला दाबून बसवतं. इतकं सोपं. काच बसवणाऱ्याचं हत्यार, आमच्याच कपाटात, आणि आम्ही चार दिवस पेचकसाने रबर फाडत बसलो होतो.

पण करायला गेले तर वीतभर पट्टी बसली आणि मग बाहेर उडी मारली. पुन्हा केलं, पुन्हा उडी. हत्यार आहे, हात नाही.

तशीच वर गेले. अप्पांच्या समोर हत्यार धरलं आणि म्हटलं, हे काचेच्या पट्टीचं आहे. मला वाटलं होतं ते म्हणतील, अरे हो की, विसरलोच होतो.

ते म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

सांगायला कोणीतरी आहे म्हणजे. मी मूठ त्यांच्यापुढे केली. "हे कुणाचं आहे?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. आत स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला.

"गेली तेव्हा राहिलं तिचं," अप्पा म्हणाले.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

आत्याला आज धारेवर धरलं. अप्पांना ऐकू जाईल म्हणून ती कुजबुजत होती, मी मुद्दाम मोठ्याने बोलत होते.

ती म्हणाली की गॅरेजातल्या सगळ्या काचा आई बसवायची. अप्पांना ते काम कधी जमलंच नाही, हात जड. आई काचेच्या एका जुन्या कारागिराकडून शिकली होती, हत्यार त्यानेच दिलं, मूठ तिने स्वतः तासली. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून अप्पांनी मागच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केला होता, त्यामागे ती काम करायची. पण लोकांना कळलंच. लोक यायचे आणि विचारायचे, काचवाल्या बाई आहेत का? अप्पांच्या मित्रांनी त्यावरून त्यांना चिडवायला सुरुवात केली. एक दिवस अप्पा म्हणाले, उद्यापासून खाली पाय ठेवायचा नाही. तेव्हा मी चार वर्षांची होते.

म्हणजे मला आठवते ती खिडकीशी बसलेली आई ही त्यानंतरची आई. हात मांडीवर टाकून बसलेली. मी तिला आळशी समजत आले.

पुढचं आत्याने तोंडाला पदर लावून सांगितलं. आईला बसच्या कारखान्यात काचेच्या कामावर घेतलं. अप्पा म्हणाले, गेलीस तर परत येऊ नकोस. तिला वाटलं, नेहमीसारखं बोलतायत. पहिल्या दिवसाचं काम करून संध्याकाळी परत आली तर दाराला आतून कडी आणि जिन्यात तिची पेटी.

"आणि तू कुठे होतीस?" मी विचारलं.

"आतच होते."

"मग उघडायचं ना दार."

"मला तरी दुसरं घर कुठे होतं गं?"

मला तिचा इतका राग आला की हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं. आणि ती म्हणाली ते खरं होतं, त्यामुळे आणखी आला.

खाली येऊन पेंटरमामांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मान खाली घालून ब्रश धूत राहिले. चाळीस वर्षं मूग गिळून बसले आणि मला म्हणे कामात लक्ष घाल. मी त्यांचा रंगाचा डबा लाथाडला. हिरवा होता. पुसत मीच बसले.


१५ फेब्रुवारी, शनिवार

पियानोवाले येऊन गेले. घाई नाही म्हणाले, पण गाडीपाशी जाऊन टपावर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांना सांगितलं की ती बाई होती. त्यांचं खरं होतं, माझं खोटं. ते म्हणाले, भेटल्या तर नमस्कार सांगा.

अप्पांशी बोलणं बंद आहे. त्यांचं ताट समोर ठेवते आणि निघते. आज ते म्हणाले, त्या वेळी सगळीकडे असंच होतं. मी म्हटलं, सगळीकडच्या मुलींना खोटं सांगायला कोणी लावलं नव्हतं. झाला तेवढाच संवाद.

दुपारी फोन लावला. कापलेल्या फोनांच्या यादीत नंबर होताच. तिने एका घंटेत उचलला. मी कोण ते सांगावं लागलं नाही. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"पट्टी वीतभर बसते आणि मग उडी मारते," मी म्हटलं.

अगदी साध्या आवाजात, रोज बोलत असल्यासारखी ती म्हणाली, "सुरुवात कुठून केलीस?"

"वरच्या कोपऱ्यातून."

"कोपऱ्यातून कधीच नाही करायची. खालच्या अंगाला मधोमध सुरू कर. आणि ओढतेस का पट्टी?"

"ओढल्याशिवाय जाणार कशी?"

"ओढू नकोस. ताणून बसवलीस तर आकसते आणि वर येते. सैल सोडत जा, हत्याराच्या पुढे पट्टीचा फुगा राहिला पाहिजे. मूठ जराशी वरखाली डोलवायची."

मी आतापर्यंत तिच्याशी तुम्ही असं, तुम्ही तसं बोलत होते, ओळखीच्या कुठल्याशा बाईशी बोलावं तसं. आईला कोणी तुम्ही म्हणतं का? मला ते कळत होतं आणि तिलाही टोचत असणार, पण ती पट्टीचंच सांगत राहिली. मी विचारलं, तुम्ही एवढी वर्षं हत्यार मागितलं का नाहीत? ती म्हणाली, दोनदा निरोप पाठवला होता, अप्पांनी हरवलं म्हणून सांगितलं.

"आणि मला? मला मागितलंस का?"

'तू' निघालं तोंडातून. रागाच्या भरात.

ती म्हणाली, "मागितलं. शाळेपाशी उभी राहायचे. तू दिसलीस की तुझ्या आत्याच्या हाताला धरून रस्ता बदलायचीस. मग वाटलं, पोरीला त्रास होतोय माझा."

मी फोन ठेवला नाही. शेवटी तीच म्हणाली, मनगटं गेलीत माझी, बसवून देता येणार नाही, पण बघायला येऊ का? मी म्हटलं, ये.


१७ फेब्रुवारी, सोमवार

ती आली. मी रस्त्याकडे पाठ करून काम करत होते, म्हणजे वाट बघतेय असं दिसू नये. नट्याने सांगितलं, कोणीतरी आलंय.

किती लहानखुरी आहे. माझ्या आठवणीत ती दारभर उंच होती. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, पायात कारखान्यात देतात तसले जाड बूट. दारात थांबून तिने आत कुठे काय आहे ते सगळं एकदा पाहून घेतलं. मागचा पत्र्याचा आडोसा केव्हाच गेलाय, तिथे आता जुने टायर आहेत. तिथे तिची नजर जरा जास्त थांबली. पेंटरमामा उठून उभे राहिले. ती त्यांना म्हणाली, बसा, म्हातारे झालात. ते बसले नाहीत.

आम्ही मिठी वगैरे मारली नाही. तिने रबरावर पडलेली चीर अंगठ्याने चाचपली आणि विचारलं, ही कोणी पाडली? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, पेचकसाने, होय ना. त्या स्वराने माझं टाळकं सरकलं. म्हटलं, हत्याराची ओळख करून द्यायला कोणी नव्हतं इथे. तिने चिरेवरून अंगठा काढून घेतला. मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

मग काम. साबणाचं पाणी तिने केलं, बोटं बुडवून दाट-पातळ बघत. मी खालच्या अंगाला मधोमध कडं घुसवलं. तिने माझ्या मनगटाखाली दोन बोटं ठेवली आणि मूठ कशी डोलवायची ते दाखवलं. तिची सांध्यात वाकडी झालेली बोटं मला उगाच दिसत राहिली. सैल सोड, म्हणायची. घाई नको. कोपऱ्यात थांब, श्वास घे, पट्टी जास्त दे. पट्टी चरात अशी उतरत गेली की मला आवाज ऐकू येत होता, ओला, चकचक. पहिला कोपरा, वरची बाजू, दुसरा कोपरा. एकदा ती कौतुकाने हुं म्हणाली आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. रागाने. हे मला चाळीस वर्षांपूर्वी शिकता आलं असतं.

दोन टोकं जुळवताना मी बरोबर मापात कापायला निघाले तर तिने हात धरला. म्हणाली, नखभर लांब ठेव आणि दाबून बसव, उन्हाथंडीत आकसतं. तसं केलं. काचेवर तळहात ठेवून जोर लावला. काच जागची हलली नाही.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. अप्पा. त्यांनी तिला पाहिलं आणि मला विचारलं, हिला कोणी बोलावलं?

"मी," मी म्हटलं. "गॅरेज मी चालवते. इथे कोणी यायचं ते मी ठरवते."

नट्या गाडीखाली सरपटला. अप्पांचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी मोठं बोलणार होते, पण ती मध्येच शांतपणे म्हणाली, "पाणी मारून बघायचंय. पाइप धरायला माणूस हवा. धरता का?"

का कोण जाणे, त्यांनी पाइप धरला. कदाचित एवढ्या माणसांसमोर दुसरं काय करायचं ते सुचलं नसेल. काठी गाडीला टेकवून ठेवली, एका हाताने बॉनेटचा आधार घेतला आणि दुसऱ्या हाताने काचेवर पाणी सोडलं. आम्ही दोघी आत बसलो, मी चाकामागे, ती शेजारी. काचा बंद. गळतंय का हे आतूनच बघावं लागतं.

पाण्याचा असा धो धो आवाज की बाहेरचं काही ऐकू येईना. अप्पा काचेपलीकडे नुसती एक हलती सावली. ती बोट फिरवून कोपरे तपासत होती. कोरडे. मी तिला विचारलं, त्या दिवशी जिन्यातून गेलीस कशी? दार का नाही तोडलंस?

ती काचेकडे बघत म्हणाली, "तुझी आत्या आतून म्हणाली, पोर शेजाऱ्यांकडे झोपलीय, ती उठेल, तमाशा करू नकोस. मग मी नाही केला. पेटी उचलली." तिने कोपऱ्यावरचं बोट काढून पदराला पुसलं, कोरडंच होतं तरी. "करायला हवा होता गं. सगळा जिना जमा करायला हवा होता. तू उठायला हवी होतीस."

मी म्हटलं, "मी झोपले नव्हते. शेजारच्यांनी दार लावून घेतलं होतं. मला तुझा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते."

ती माझ्याकडे वळली. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. अप्पांनाही नाही, मोडलेल्या लग्नातल्या नवऱ्यालाही नाही. तिने माझा हात धरला नाही. मुठी आवळून मांडीवर ठेवल्या, आवळता येतील तेवढ्या. तिलाही राग येतो तर.

बाहेरून अप्पांनी काचेवर टकटक केलं. पाइपकडे बोट दाखवून मानेनेच विचारलं, बंद करू का? पाणी त्यांच्या बाहीत शिरत होतं, सगळं अंग बॉनेटवर रेललं होतं.

आत एक थेंब आलेला नव्हता. बघायचं होतं ते केव्हाच बघून झालं होतं.

मी हाताने खूण केली, चालू द्या.